घराच्या कागदांतील जुनी अट

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिला आज आणखी एक शेपूट जोडायला हरकत नाही : घराचे कागद पाहावेत वाचून. आपण घर घेतो तेव्हा खोल्या पाहतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो, शेजार कसा आहे याची चौकशी करतो. पण कागद मात्र वकिलाच्या हवाली करून मोकळे होतो. माझी एक भाची अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात असते. तिने काही वर्षांपूर्वी तिथे एक जुने घर घेतले आणि, स्वभावच तसा म्हणून, घराचे सगळे कागद शेवटच्या पानापर्यंत वाचले. वाचून झाल्यावर तिने मला फोन केला.

"मामा, तुम्ही इतकी वर्षं सोसायटीचे चिटणीस होतात ना? मग मला एक सांगा. मी ज्या घरात राहायला आले आहे, त्या घरात मी राहू नये असं त्याच घराच्या कागदात लिहिलंय. हे कसं काय?"

प्रथम मला ती थट्टा वाटली. पण खरेच तसे लिहिलेले होते. १९४०च्या सुमारास ती वसाहत पाडली गेली, त्या वेळी जमिनीच्या मूळ मालकाने सगळ्या प्लॉटांसाठी एक अटींचे पत्रक नोंदवून ठेवले होते. घर रस्त्यापासून किती फूट आत असावे, कुंपण किती उंच असावे, कोंबड्या पाळू नयेत, अशा अटींच्या रांगेतच एक अट होती : गोऱ्या वंशाखेरीज कोणीही या घरात राहू नये, घरगडी किंवा मोलकरीण म्हणून राहत असेल तर मात्र चालेल. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांचा एक शिक्का होता. त्याचा आशय असा की, वंश, धर्म, वर्ण वगैरेंवर आधारलेली एखादी अट या कागदात असली तर ती बेकायदा आणि रद्द समजावी.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ही अट हाच आहे. ती आली कुठून, मेल्यावरही कागदावर का राहिली, आणि ती पुसण्याचा अधिकार अधिकाधिक घरमालक संघांना द्यावा असा प्रयत्न तिकडे का चालला आहे, हे थोडक्यात सांगावे असा विचार आहे.

आधी या अटीचे स्वरूप समजून घेऊ. आपण करार करतो तो दोन माणसांत असतो. मी तुम्हांला शब्द दिला, तर तो माझ्या घराच्या पुढच्या खरेदीदाराला सहसा बांधत नाही. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत मात्र जमिनीबरोबर चालणारा करार असा एक प्रकार आहे. जमीन ज्याच्या हाती जाईल, त्याच्या गळ्यात ती अट आपोआप पडते. आजोबांनी सही केलेली, नातवाने घर विकले, तरी नव्या मालकाला ती लागू. ही सोय मुळात वाईट नाही. शेजारी कारखाना निघू नये, सगळ्यांना उजेड-वारा मिळावा, म्हणून ती उपयोगी पडते. पण ज्या दोरीने गाय बांधतात तिनेच माणसाचा गळाही आवळता येतो. वापरणाऱ्याची बुद्धी कशी आहे त्यावर सगळे अवलंबून.

अमेरिकेत काही शहरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उघडउघड नियमच केले होते, की अमुक गल्लीत गोऱ्यांनी राहायचे, अमुक गल्लीत काळ्यांनी. केंटकी राज्यातील लुइव्हिल शहराचा असा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द ठरवला. सरकारला जे करता येईना ते मग खाजगी माणसांनी हाती घेतले. नगरपालिकेच्या नियमाऐवजी खरेदीखतात अट घालू लागले. १९२६ साली अशा अटींविरुद्धचे वॉशिंग्टन शहरातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. पण हा खाजगी व्यवहार आहे, असे म्हणून न्यायालयाने हात झटकले. त्यानंतर या अटींना जणू परवानाच मिळाला. पुढे १९३०च्या दशकात घरकर्जांना हमी देणारे जे सरकारी खाते निघाले, त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत तर अशा अटींची शिफारसच होती. अट असली की वस्तीची किंमत टिकते, कर्ज सुरक्षित राहते, असा त्यांचा हिशेब.

या अटी टिकवायच्या कशा, याचाही विचार चतुर माणसांनी करून ठेवला होता. कॅन्सस सिटी शहरात जे. सी. निकोल्स नावाचे एक मोठे वसाहतकार होऊन गेले. त्यांनी उभारलेल्या वसाहती पाहायला दुरून लोक येत. सुंदर रस्ते, कारंजी, बागा. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे प्रत्येक वसाहतीत घरमालकांचा संघ स्थापन केला आणि अटींच्या अंमलबजावणीचे काम त्याच्याकडे दिले. दुसरी गोष्ट अधिक चतुराईची. अटींना वीस-पंचवीस वर्षांची मुदत असे. पण मुदत संपली की त्या आपोआप पुढे चालू राहत. थांबवायच्या असतील तर मुदत संपण्याच्या पाच वर्षे आधी बहुसंख्य मालकांनी एकत्र येऊन तसा दस्त नोंदवायला हवा. आता सांगा, कोण लक्षात ठेवणार? मी स्वतः पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस होतो. पाण्याच्या टाकीसाठी सर्वसाधारण सभा बोलावली, तरी गणपूर्ती होता होता अर्धा तास जाई. पाच वर्षे आधी जागे होऊन शेकडो सह्या गोळा करणे ही गोष्ट माणसांच्या स्वभावातच बसत नाही. कुलूप लावले, आणि किल्ली इतक्या उंचावर ठेवली की कोणाचा हात पोहोचू नये.

सह्यांच्या या हिशेबात एक गंमतही घडली. शिकागो शहरात कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १९३७ साली अशा अटीच्या वस्तीत घर घेतले. शेजाऱ्यांनी त्यांच्यावर दावा लावला. मूळ करारात असे लिहिले होते, की रस्त्यालगतच्या जमिनीपैकी ९५ टक्के जमिनीच्या मालकांनी सह्या केल्या तरच हा करार अमलात येईल. चौकशीत निघाले, की सह्या सुमारे ५४ टक्क्यांच्याच होत्या! पूर्वीच्या एका दाव्यात मात्र ९५ टक्के सह्या झाल्याचे मान्य केले गेले होते, आणि तेच आता सर्वांना बांधील आहे असा शेजाऱ्यांचा आग्रह. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जे त्या दाव्यात पक्षकारच नव्हते त्यांना तो निकाल बांधत नाही. हॅन्सबेरी जिंकले, पण ती अट योग्य की अयोग्य हा प्रश्न तसाच राहिला. या गृहस्थांची मुलगी लॉरेन हिने पुढे घर घेऊ पाहणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबावर नाटक लिहिले. १९५९ साली ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि फार गाजले.

मूळ प्रश्नाला हात घातला तो सेंट लुइस शहरातल्या शेली कुटुंबाच्या खटल्याने. जे. डी. शेली, त्यांची पत्नी एथेल आणि सहा मुले. १९४५ साली त्यांनी लॅबडी अव्हेन्यू या रस्त्यावर घर घेतले. त्या घरावर १९११ सालची एक अट होती. ३९ मालकांपैकी ३० जणांनी सह्या करून पन्नास वर्षांसाठी ठरवले होते, की कृष्णवर्णीय किंवा मंगोल वंशाच्या माणसांना इथे राहू द्यायचे नाही. शेलींना याचा पत्ताही नव्हता. काही चौक पलीकडे राहणाऱ्या क्रेमर नावाच्या गृहस्थांनी त्यांना घराबाहेर काढण्यासाठी दावा केला. ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नऊपैकी सहा न्यायाधीश बसले आणि सहाही जण एकमताचे. उरलेले तीन का बसले नाहीत त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही. त्यांच्या स्वतःच्या घरांवर अशाच अटी असाव्यात, असा तर्क तेव्हापासून लोक करीत आले आहेत.

पण निकाल काय होता, तो नीट ऐका. न्यायालयाने असे म्हटले नाही, की ही अट लिहिणेच गुन्हा आहे. न्यायालय इतकेच म्हणाले, की माणसांनी आपसात स्वखुशीने ती पाळली तर पाळोत. पण तिची बजावणी करायला कोर्टाने आपला हात वापरू द्यायचा नाही, कारण कोर्ट म्हणजे सरकारच. म्हणजे अटीचे दात पडले, पण ती जिवंत राहिली. लोक पुढेही ती लिहीत राहिले. घर विकताना, भाड्याने देताना किंवा कर्ज देताना वंशावरून भेद करणे बेकायदा ठरले ते १९६८ सालच्या कायद्याने. त्या कायद्याने अटीचा प्राणही गेला. मात्र अंत्यसंस्कार कोणी केले नाहीत. हजारो नोंदणी कचेऱ्यांत, लाखो दस्तांत ती तशीच पडून राहिली.

इथे आपण माझ्या भाचीच्या फोनशी परत येतो. "मेलेलीच आहे ना, मग पडू दे की!" असे मी तिला म्हणालो. ती काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, तुमच्या दारावर कुणी शिवी लिहून ठेवली आणि पोलीस म्हणाले की त्या शिवीला कायद्यानं काही अर्थ नाही, तर तुम्ही ती पुसणार नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

बरे, पुसायची तर कशी? दस्त ही काही पाटी नव्हे. नोंदलेल्या दस्तात फेरफार करायचा तर त्याच दस्तात लिहिलेल्या रीतीने करावा लागतो, आणि ती रीत निकोल्ससारख्या माणसांनी मुद्दाम अवघड करून ठेवलेली. दोन-तृतीयांश मते हवीत, कुठे तीन-चतुर्थांश, कुठे प्रत्येक मालकाची सही. एखादा परगावी, एखादा वारलेला, एखादा म्हणतो 'कशाला उगाच वकिलाचा खर्च', आणि एखादा असाही असतो की त्याला मनातून ती अट आवडते. अशी ती शिवी पिढ्यान्पिढ्या तशीच राहते.

म्हणून तिथल्या काही राज्यांनी युक्ती काढली. अशा एका विशिष्ट प्रकारच्या अटीपुरता मतदानाचा नियमच बाजूला ठेवला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात असे आहे, की घरमालक संघाच्या कागदांत भेदभावाची अट असेल, तर संघाच्या मंडळाने सभासदांची मंजुरी न घेता ती काढून दुरुस्त दस्त नोंदवायचा. 'काढू शकते' असे नाही, काढलीच पाहिजे. कोणी लेखी मागणी केली आणि मंडळाने तीस दिवसांत काही केले नाही, तर त्या मंडळाविरुद्ध कोर्टात जाता येते. मिझुरी राज्याने २००५ साली आणि वॉशिंग्टन राज्याने २००६ साली कायदे करून संघांच्या मंडळांना असाच मार्ग मोकळा करून दिला.

पण यातही गळती आहे, आणि विस्ताराचा प्रश्न येतो तो इथेच. असे कायदे बहुधा विशिष्ट व्याख्येत बसणाऱ्या संघांपुरते असतात. ज्याचे सभासदत्व सक्तीचे आहे, जो वर्गणी वसूल करतो, तोच संघ. अमेरिकेत आज साडेतीन लाखांच्या वर असे संघ आहेत, आणि त्यांतले बहुतेक गेल्या पन्नास-साठ वर्षांतले, म्हणजे अटींचा काळ संपल्यानंतरचे. अटी आहेत त्या जुन्या वस्त्यांत. तिथे संघ असला तर ऐच्छिक असतो, दिवाळीच्या फराळासारखा वर्षातून एकदा जमणारा. आणि पुष्कळ ठिकाणी मुळीच नसतो. ज्याच्या हाती किल्ली दिली त्याच्या घराला ते कुलूप नाही, आणि ज्याच्या घराला कुलूप आहे त्याच्या हाती किल्ली नाही. भाचीच्या वसाहतीत असेच झाले होते. संघच नाही, मग मंडळ कुठले? तिला एकटीने अर्ज करावा लागला. आणि तोही तिच्या एका घरापुरता. शेजारच्या चाळीस घरांवर ती अट तशीच.

या संदर्भात कॅलिफोर्नियाने २०२१ साली पुढचे पाऊल टाकले. घरमालक मागणी करो वा न करो, प्रत्येक जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीनेच आपले जुने दस्त तपासून अशा अटी शोधाव्यात आणि झाकाव्यात, असा कायदा केला. वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी हे शोधकाम दोन विद्यापीठांकडे सोपवले. मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक तर २०१६ पासून नागरिकांच्या मदतीने मिनीॲपोलिसचे जुने दस्त वाचून एकेका अटीची नकाशावर नोंद करीत आले आहेत. संघाला अधिकार द्यायचा, एकट्या मालकाला द्यायचा, आणि सरकारी कचेरीवर कर्तव्य म्हणून घालायचे. हे तीनही मार्ग एकत्र चालले तरच काम होईल, असे मला वाटते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. तेही ऐकले पाहिजेत.

पहिला असा, की मंडळाला सभासदांना न विचारता दस्त बदलू दिला तर उद्या ते काय काय बदलील? चिटणीस राहिलेला माणूस म्हणून हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे संस्थेचा पोटनियम बदलायचा तर सभेत दोन-तृतीयांश मते लागतात, शिवाय निबंधकांची मंजुरी. आणि ते योग्यच आहे. पण बहुमत लागते ते निवडीच्या बाबतीत. जी अट कायद्याने आधीच रद्द आहे ती ठेवावी की नाही, यात निवड कसली? तिथे मंडळ निर्णय घेत नाही, झाडू मारते. अधिकार तेवढ्यापुरताच बारीक आखलेला असला, की भीतीचे कारण नाही.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा. पुसून टाकलेत तर उद्याच्या पिढीला काय घडले ते कळणार कसे? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याचे उत्तरही कायद्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या योजनेत मूळ, न झाकलेला दस्त कचेरीने जपून ठेवायचा आहे. अभ्यासकाला तो मागता येतो. घर घेणाऱ्याच्या हाती मात्र तो अपमान पडायचा नाही. कागद दारावरून काढायचा आणि दप्तरखान्यात ठेवायचा, इतकाच फरक.

तिसरा आक्षेप असा, की अक्षरे पुसून काय होणार? अटींमुळे ज्यांना घर घेता आले नाही, त्यांच्या मुलांना वारसा मिळाला नाही, त्याचे काय? हे अगदी खरे आहे. पुसणे म्हणजे भरपाई नव्हे. वॉशिंग्टन राज्याने हे ओळखून २०२३ साली दस्त नोंदणीवर शंभर डॉलरचा आकार बसवला आणि त्यातून अशा कुटुंबांना पहिले घर घेण्यासाठी मदत देण्याची योजना केली. झाडू मारणे ही सुरुवात आहे, एवढेच मी म्हणेन.

श्रोते हो, हे सगळे परदेशचे झाले. पण आपली माणसेही त्या अटींच्या बाहेर नव्हती. १९१५ साली वैष्णोदास बागाई नावाचे गृहस्थ पत्नी कलाबाई आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. पुढे त्यांनी बर्कली गावात घर घेतले. सामान घेऊन दारात पोहोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेले. ते आल्या पावली परतले. त्याच बर्कलीत आता रस्त्याच्या एका भागाला कला बागाई यांचे नाव आहे.

आणि १९१७ साली, ज्या वर्षी लुइव्हिलचा तो नियम रद्द झाला त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. ते कुठल्या दस्तात लिहिलेले नव्हते. नोंदवलेली अट नव्हती, सह्या नव्हत्या.

म्हणूनच मला शेवटी आपल्याबद्दल थोडे बोलायचे आहे. आपल्याकडे काही संस्थांच्या पोटनियमांत विशिष्ट समाजापुरते सभासदत्व असते, आणि अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ते ग्राह्यही धरले. एकमेकांच्या आधारासाठी माणसे एकत्र येतात, त्याला दोष देण्याची माझी इच्छा नाही; मुंबईत गावदेवीला १९१५ साली निघालेली सारस्वत मंडळींची संस्था अशाच आधारातून उभी राहिली. पण मला भीती वाटते ती न लिहिलेल्या अटींची. दलाल विचारतो, "आडनाव काय?" मालकीणबाई विचारतात, "घरी खाता काय?" जागा कालच गेलेली असते.

लिहिलेली अट शोधता येते. तिच्यावर शिक्का मारता येतो. मंडळ ती काढू शकते, कचेरी ती झाकू शकते. न लिहिलेली अट कोणत्या कचेरीत शोधायची? तिची नोंद आपल्या मनाच्या दप्तरात असते, आणि तिथे फेरफार करण्याचा अधिकार आपल्यावाचून दुसऱ्या कोणालाही नाही. त्याला गणपूर्ती लागत नाही, बहुमत लागत नाही, निबंधकांची मंजुरीही लागत नाही.

भाचीचा अर्ज मंजूर झाला. तिच्या घराच्या कागदावर आता ती अट नाही. शेजारच्या चाळीस घरमालकांना तिने पत्रे टाकली आहेत. त्यांतल्या सहांनी अर्ज केले, असे तिने परवा कळवले. "बाकीचे?" मी विचारले. ती म्हणाली, "मामा, मी इथंच राहणार आहे. घाई काय?"